पारूबाई, चार हातांचा जावई आणि वाटीभर दही

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलंय, हे शिजवणारीच्या आधी पारूबाई साळव्यांना कळतं. पूर्वी ही माझी तक्रार होती. आता हेच मी शेजारच्या गल्लीत छाती फुगवून सांगतो. मधल्या काळात काय झालं, ते लिहायला बसलोय.

पारूबाईंचं वय पंचावन्नच्या आसपास. आसपास अशासाठी, की सगळ्या गल्लीची वयं काढणाऱ्या या बाईंनी स्वतःचं वय आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अंगानं काटक, डोक्याला हेल्मेट, हेल्मेटाखाली पदर, आणि पोरं मोठी झाल्यावर हट्टानं शिकलेली जांभळी स्कूटी. रोज सकाळी साडेसहाला ती स्कूटी आमच्या फाटकापाशी थांबते. इंजिन चालूच असतं, पण तेवढ्यात चौकशी पूर्ण होते.

"काय गोकुळभाऊ, आज कशाची भाजी?"

"बटाटा," मी उगाच खोटं सांगतो.

"मग मेथीच्या काड्या कामून पडल्यात डब्यात?"

कचऱ्याचा डबा मी झाकून ठेवायला लागलो, तर म्हणाल्या, "झाकण लावलं म्हंजे आज वांगी जळाली." जळाली होती. या बाईंना पोलीस खात्यानं घेतलं असतं तर हर्सूलची जेल अपुरी पडली असती. गल्लीनं त्यांचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं. कुणी ठेवलं म्हणाल, तर मीच.

त्यांचे मालक रामकिसनभाऊ वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालेले, अगदी शांत गृहस्थ. "घरात एकानंच बोलायचं आसं ठरलंय, आन ते मी नाय," असं ते मला एकदा म्हणाले, आणि त्या वर्षात तेवढंच म्हणाले. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मुलगी संध्या हिचा पदवी घेतानाचा फोटो, आणि त्याखाली पारूबाईंची खुर्ची. तिथून रस्ता सरळ दिसतो, हे सांगायला नको.

पारूबाईंचा जन्म वैजापूर तालुक्यातला. शाळा चौथीपर्यंत, पुढं कापूस वेचणं. तेवीस वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात झाडू-पोछाला लागल्या, आणि आता तिथंच ऑपरेशन थिएटरच्या मावशी आहेत. म्हणजे पेशंटला आंघोळ घालून हिरवा झगा चढवणं, स्ट्रेचरवरून आत नेणं, ऑपरेशन संपलं की थिएटर धुऊन पुसून चकाचक करणं. दवाखान्याच्या उतरंडीत मावशीच्या खाली फक्त फरशी असते. पण फरशी बोलत नाही आणि पारूबाई बोलतात.

दोन वर्षांपूर्वी त्या दवाखान्यात रोबोट आला. गल्लीत केवढी खळबळ! आम्हाला वाटलं, लोखंडाचा माणूस असेल, दारात उभा राहून नमस्कार करीत असेल. संध्याकाळी स्कूटी थांबली तेव्हा पहिल्यांदाच मी पारूबाईंची चौकशी केली.

"चालतो का हो?"

"नाय."

"बोलतो?"

"नाय."

"मग करतो तरी काय?"

"डॉक्टर कोपऱ्यात एका मशीनीत डोळे घालून बसतात आन बोटं हलवतात. तसे ह्याचे हात पेशंटच्या पोटात हलतात. डॉक्टर बसल्याशिवाय हा बोट उचलीत नाय. चार हात हायेत. रोज नवा प्लास्टिकचा झगा लागतो, खोलीत गारवा लागतो, आन कुणी उगं हात लावलेला चालत नाय. घरजावई समजा!"

झालं. तेव्हापासून रोबोटाचं नाव जावई. "आज जावयानं एका माणसाचा मुतखडा काढला, एवढाले चार भोकं पाडून," असं त्या करंगळीचं नख दाखवून सांगायच्या, जसा काही त्यांच्या संध्याचा नवरा पहिला आला होता. मी म्हणायचो, "खडा जावयानं काढला, डॉक्टरनं काढला, तुम्ही फरशी पुसली." त्यावर त्या म्हणायच्या, "पुसली म्हणून तर काढला."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं होतं.

आता आमच्या घरचं. माझी थोरली बहीण सारजाआक्का पाचोडला असते. तिच्या मुलाची, सुदर्शनची, पोरगी अपेक्षा. वय सात, घरात सगळे अप्पी म्हणतात. वर्षभर हिचं पोट दुखायचं. आठवडी बाजारात चालता चालता मधेच खाली बसायची, डाव्या कुशीत हात खुपसून. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर. आक्कानं जंताचं औषध पाजलं आणि मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. पोर दोन दिवस बरी राहायची आणि परत बसायची.

गेल्या हिवाळ्यात ही मंडळी लग्नाला म्हणून आमच्याकडं मुक्कामाला आली. अप्पी अंगणात खेळत होती आणि दर पंधरा मिनिटांनी आत पळत होती. मधल्या भिंतीपलीकडून, साळव्यांच्या अंगणातून, आवाज आला.

"गोकुळभाऊ, हे लेकरू किती वेळा लघवीला जातंय? जळजळ व्हती का गं बाळा? ताप थंडी वाजून येतो का नुसताच?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "ही कोन बाई? घरातल्या पोरीच्या लघव्या मोजती?"

"चौकशी खिडकी," मी हळूच म्हणालो.

पण अप्पी भिंतीपाशी जाऊन सगळं सांगून मोकळी झाली. जळजळ होते, थंडी वाजते, एकदा लाल पण झाली होती, ते आजीला सांगितलं नाही. पारूबाईंनी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पोरीला स्वतः दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात तीन खडे निघाले, आणि ते मूत्रपिंड फुगून बसलेलं. आम्हाला डॉक्टरांचं काही कळेना, तेव्हा पारूबाईंनीच गच्चीवरच्या टाकीकडं बोट दाखवून समजावलं.

"टाकीतनं पाइप जिथं निघतो ना, तिथंच तो चिमटलाय. जन्मापासून आसंल. पाणी तुंबतं, तुंबलेल्या पाण्यात खडे धरतात. नुसते खडे काढले तर परत होतील. चिमटलेला तुकडा कापून नीट जोडायचा, केसापरीस बारीक धाग्यानं. एवढ्या लहान पोटात माणसाचा हात कुठं मावंल? तिथं जावई लागतो."

लहान मुलांचीही अशी ऑपरेशनं करणारे सर्जन पुण्याहून महिन्यातून एकदाच येतात. तारीख मिळाली. उशीर परवडणारा नव्हता, कारण तीनदा जंतुसंसर्ग होऊन गेला होता. अजून एकदोन झाले तर मूत्रपिंडच कामातून जाईल, असं डॉक्टरांनी सुदर्शनला स्पष्ट सांगितलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पारूबाई वॉर्डात आल्या आणि माझ्यापुढं बोट नाचवलं. "रातच्या दहानंतर पोटात काई नाय. सकाळी घोटभर पाणी, तेबी सिस्टरला इचारून. बाकी काई म्हंजे काई नाय. भूल दिली की गळ्याचं दार ढिलं पडतं. पोटातलं वर आलं आन फुप्फुसात गेलं, तर जावयाच्या बापालाबी काई करता येत नाय. समजलं का गोकुळभाऊ?"

"मला काय कुकुलं बाळ समजता का?" मी फणकारलो.

आता इथं मला माझंच लिहावं लागणार. सकाळी साडेपाचला आक्काचा फोन आला, "येताना वाटीभर दही आन. साखर घालून. घट्ट बघ." आणि मी नेलं. अहो, आमच्या घरात दही-साखर म्हणजे खाणं नव्हेच! बारावीच्या पेपराला जाताना, मुलगी बघायला जाताना, तहसीलला सातबारा आणायला जाताना, हातावर दही पडल्याशिवाय आमच्यात कुणी उंबरा ओलांडलेला नाही. खाणं म्हणजे ताट मांडून खातात ते. हे तर नुसतं हातावर द्यायचं. आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या कामाला पोर निघालीय आणि कोरडीच पाठवायची, हे ना आक्काला सुचलं ना मला.

सहाला आक्कानं पोरीच्या हातावर दही ठेवलं. साडेसहाला सिस्टर कागद घेऊन आल्या. "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?"

"छे! रात्रीपासून कडक उपास," मी ठणकावून सांगितलं. आणि सांगतो, मला ते तेव्हा खरंच खरं वाटत होतं. सुदर्शननं सही केली.

साडेसातला पारूबाई स्ट्रेचर घेऊन आल्या. अप्पीचं तोंड पुसलं, वेणी सोडून टोपी घातली, झगा चढवला. गप्पा चालूच होत्या. बाहुलीचं नाव काय, वर्गात कोण मारतं. मग एकदम गप्प झाल्या. पारूबाई गप्प झाल्या की मी दचकतो. त्या उशीकडं बघत होत्या. उशीवर एक तांबडी मुंगी. मागं दुसरी. रांग पोरीच्या उजव्या हाताकडं निघाली होती.

त्यांनी अप्पीचा तळहात उघडला, अंगठ्यानं चाचपला आणि नाकाशी नेला.

"आजीनं हातावर काय दिलं गं बाळा?"

"दही. गोड होतं."

मी म्हणालो, "अहो, ते नुसतं शकुनाचं..."

"तुम्ही थांबा." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आक्काजवळ जाऊन बसल्या आणि अगदी भाजी विचारतात त्या आवाजात विचारू लागल्या. "आक्का, दही दिलं ते चांगलं केलं. हातावर किती दिलं?"

"चमचाभर. शकुनाला."

"मग लेकरानं अजून मागितलं आसंल."

"मागितलं. रातची उपाशी पोर."

"मग दिलं."

आक्कानं पायानं कॉटखालची पिशवी आत सरकवली.

"वाटी कुठंय आक्का?"

आक्कानं कॉटखालच्या पिशवीतून आमच्या घरची स्टीलची वाटी काढली. वाटी इतकी स्वच्छ चाटलेली होती, की घासायचं काम नव्हतं.

वाटीभर दही, साखरेसकट, दीड तासापूर्वी.

पारूबाई उठल्या, वाटी हातात घेतली आणि स्ट्रेचर भिंतीला लावून दिलं. सिस्टर धावत आल्या. "मावशी, चला ना लवकर! आत सगळे तयार आहेत, सर हात धुतायत. फॉर्मवर सही झालीय."

"सही बापानं केली, दही पोरीनं खाल्लं. म्या नेत नाय हिला आत."

"तुम्ही कोण ठरवणार?"

"कोण नाय. भुलीच्या मॅडमला बोलवा, त्या ठरवतील."

भूल देणाऱ्या मंजुषा मॅडम आल्या. पारूबाईंनी काही भाषण केलं नाही, वाटी पुढं धरली आणि म्हणाल्या, "एवढी. सहा वाजता." मॅडमचा चेहरा उतरला. मागोमाग पुण्याचे सर्जन आले. हात कोपरापर्यंत ओले, आवाजात वैताग. महिन्यातून एक दिवस, त्यातली ही पहिली केस, रोबोट मांडून झालेला. ते म्हणाले, "असं असेल तर आज रद्द करावं लागेल. पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना! सुदर्शन भिंतीला टेकला. मी, जो कधी गप्प बसत नाही, तो फरशीकडं बघत उभा होतो.

"सर," पारूबाई म्हणाल्या, "दुपारच्या केसचा माणूस काल रातीपासून उपाशी हाय. वैजापूरचे कडुबा पाटील. त्यांना म्या पहाटंच इचारून आले. दही नाय, चहा नाय, तंबाखूबी नाय. आन ते थिएटरच्या दारासमोरच्याच खोलीत हायेत."

सर्जन मंजुषा मॅडमकडं बघायला लागले. मॅडमनी बोटांवर तास मोजले. "पोट रिकामं व्हायला सहा तास धरू, वर एक तास जास्तीचा. दुपारी एकला मी मुलीला भूल देऊ शकते."

"मला चारला निघायचं होतं," सर्जन म्हणाले. मग त्या चाटलेल्या वाटीकडं बघून, पहिल्यांदाच जरा हसून म्हणाले, "ठीक आहे. पाटलांना घ्या."

कडुबा पाटील कांद्याचे व्यापारी, देह दारात न मावणारा. पारूबाई स्ट्रेचर घेऊन गेल्या तर म्हणाले, "मला तर दुपारी म्हनले व्हते! मी अजून धड भ्यालोबी नाय!"

"चला, वाटंत भ्या," पारूबाई म्हणाल्या, आणि त्यांना घेऊन गेल्या.

त्यानंतरचे पाच तास मी विसरणार नाही. अप्पीला भूक लागली होती आणि ती रडत होती. आक्का तिच्याहून जास्त रडत होती, कपाळावर हात मारून घेत होती. पाटलांना आत पोचवून पारूबाई आल्या आणि आक्काचा हात धरला. "तुम्ही दही दिलं ते लेकराच्या भल्यासाठी दिलं. म्या इचारलं तेबी त्याच्याचसाठी. आता रडून तिला भेदरवू नका. गोष्ट सांगा तिला, एकला लई येळ हाय." आक्कानं पाचोडच्या सगळ्या शेळ्यांच्या गोष्टी सांगितल्या, नावासकट.

बरोबर एकला अप्पी आत गेली. जाताना पारूबाईंना विचारत होती, "जावई चावतो का?"

"त्याला दात नायत. नुसते हात हायेत."

दार बंद झालं. दोन वाजले, तीन वाजले. साडेतीनला दार उघडलं आणि पारूबाई बाहेर आल्या. हातात झाकणाची छोटी प्लास्टिकची बाटली. आत तीन तांबूस खडे, दोन तुरीच्या डाळीएवढे, एक बाजरीएवढा. "बघा, पण हात लावू नका, तपासायला जायचेत. चिमटलेलं जोडून झालंय. लेकरू मस्त हाय. भुलीतनं उठता उठता शेळीचं नाव घेतलं."

आक्का त्यांच्या पायांकडं वाकली. पारूबाई दोन पावलं मागं सरकल्या. "आवो, फरशी ओली हाय, पडताल!"

थोड्या वेळानं सर्जन बाहेर आले, चारचं निघणं विसरलेले. आम्हाला सगळं नीट समजावलं आणि जाताना म्हणाले, "आज थिएटरात सगळ्यात महत्त्वाचं काम रोबोटनं केलेलं नाही, मीही केलेलं नाही." मावशींकडं बघून हात जोडले. मी शेजारीच उभा होतो. इतका फुगलो, की जसं काही ते मलाच म्हणाले. खरं तर ती वाटी माझ्या घरची होती, पण ते मी त्या क्षणी कुणाला सांगितलं नाही.

पुढं बरेच दिवस मला एक गोष्ट खटकत होती. मुंगी दिसली हे खरं, पण या बाई मुळात प्रत्येक पोराचं एवढं बारीक का बघतात आणि विचारतात? एका संध्याकाळी भिंतीवरून विचारलंच. पारूबाई भिंतीजवळ सरकल्या.

"लई वर्षं झाली. म्या नवीन व्हते, नुसता झाडू. एका आजीनं नातवाला आत नेण्याआधी बिस्कूट दिलेलं म्या बघितलं. वाटलं, डॉक्टर लोकांना ठाऊक आसंल, आपल्याला कोण इचारतंय. त्या पोराला टेबलावर उलटी झाली. बारा दिवस श्वासाच्या मशीनवर व्हतं." मग घाईनं म्हणाल्या, "वाचलं. आता मोठं झालंय, दाढी आलीय. पण तवापास्नं ठरवलं. मला कुणी इचारो न इचारो, म्या समद्यांना इचारणार."

मी ज्या विचारपुशीला 'चौकशी खिडकी' म्हणून हसत होतो, तिच्यामुळं तेवीस वर्षांत किती घरची लेकरं धडधाकट परत गेली असतील, याचा हिशेब दवाखान्याकडं नाही. कारण जे घडलं नाही, ते कुठल्याच कागदावर चढत नसतं.

एक गोष्ट मात्र कागदावर चढली. मंजुषा मॅडमनी पारूबाईंना समोर बसवून, त्या बोलतील तसं लिहून घेतलं, आणि मुलांच्या फॉर्मवर आता एक नवी ओळ छापलेली आहे: 'आज सकाळपासून मुलाला हातावर दही-साखर, तीर्थ, प्रसाद, अंगारा यांपैकी काही दिलं का? किती वाजता?' पारूबाईंनी पुढं 'वाटी दाखवा' असंही सांगितलं होतं. ते छापताना गाळलं. त्यांना ते अजून पटलेलं नाही. त्या तोंडी विचारतातच.

जोड भरून येईपर्यंत अप्पीच्या आत ठेवलेली नळी महिन्यानं काढली. पोटावर चार बारीक खुणा आहेत, त्या ती वर्गात दाखवते आणि जावयाच्या हातांची तिनंच ठेवलेली नावं सांगते. आठवडी बाजारात आता ती खाली बसत नाही. आक्कालाच तिच्या मागं पळावं लागतं. पुढच्या तपासणीला आली तेव्हा आक्का पाचोडहून मोठा डबा भरून दही घेऊन आली, पारूबाईंसाठी. पारूबाईंनी आधी विचारलं, "लेकराची आज सोनोग्राफीच हाय ना? भूल नाय ना?" मगच झाकण उघडलं.

आणि गल्लीत आता त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणायची कुणाची टाप नाही. नाव ठेवणारा मीच होतो, पुसून टाकलंही मीच.

काल सकाळी साडेसहाला स्कूटी थांबली.

"काय गोकुळभाऊ, आज कशाची भाजी?"

"दोडका," मी खरं सांगितलं. "कालचं पिठलं उरलंय. आणि सहा वाजून दहा मिनिटांनी मी अर्धी वाटी दही खाल्लं, साखर घालून."

पारूबाईंनी हेल्मेटची काच वर केली, वाकून कचऱ्याच्या डब्यात दोडक्याची सालं बघून घेतली, आणि मगच स्कूटी हलवली.